एचओ इंजिन फक्त पॉइंटवरच का घसरते?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)
माझ्याकडे मॉडेल रेल्वेचे, एचओ या छोट्या मापाचे, तीन-तीन ॲक्सलच्या दोन बोगी (इंजिनाखालचे चाकांचे गाडे) असलेले डिझेल इंजिन आहे. प्लायवूडवर बसवलेल्या मार्गावर ते मुख्य रुळांकडून पॉइंटमध्ये (मार्ग दोन फाट्यांत विभागणाऱ्या सांध्यात) शिरताना फ्रॉगच्या, म्हणजे आतले दोन रूळ मिळतात त्या व्ही आकाराच्या भागाच्या, टोकावर चढून घसरते, मात्र उलट दिशेने येताना कधीच घसरत नाही. डबे दोन्ही दिशांनी सुरळीत जातात. चाकांच्या फ्लँज (आतल्या कडेचे उंच काठ) फार बारीक दिसतात, तेव्हा जास्त खोल फ्लँजची चाके बसवावीत का?

उत्तर (सातपूर)
फ्लँज खोल करून हा दोष जाणार नाही. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या आरपी-२५ या शिफारशीप्रमाणे घडवलेली फ्लँज जेमतेम ०.६ मिमी खोल असते आणि तरीही ती नीट चालते, कारण फ्लँज जिथे ट्रेडला (चाकाच्या रुळावर टेकणाऱ्या भागाला) मिळते तिथे गोलाई दिलेली असते. जुन्या पद्धतीच्या खोल फ्लँज कोड ८३ च्या, म्हणजे सुमारे २.१ मिमी उंचीच्या रुळावर खिळ्यांच्या डोक्यांना घासतात, ते वेगळेच.

उलट दिशेने गाडी घसरत नाही, ही खूण महत्त्वाची आहे, कारण त्या दिशेने फ्लँज फ्रॉगच्या टोकाला समोरून भिडत नाही. चेक रेल (फ्रॉगसमोरच्या रुळाच्या आत बसवलेला छोटा रूळ) एका चाकाच्या पाठीला, म्हणजे आतल्या बाजूला, धरून समोरच्या चाकाची फ्लँज फ्रॉगच्या टोकापासून दूर ठेवते. दोन चाकांच्या पाठींमधले अंतर वाढले, तर चेक रेल आपले काम करत असूनही फ्लँज थेट टोकावर आदळते. डबे नीट जातात, त्या अर्थी पॉइंटवर संशय घेण्याचे कारण नाही. एचओच्या १६.५ मिमी गेजसाठी (दोन रुळांमधल्या अंतरासाठी) पाठींमधले हे अंतर साधारण १४.४ मिमी असावे. व्हर्निअर कॅलिपरने प्रत्येक जोडी चाक फिरवून तीन ठिकाणी मोजावी, म्हणजे डुगडुगणारे चाकही सापडेल.

उत्तर (नाशिक रोड)
वरील मताशी मी सहमत आहे, फक्त मोजण्याआधी इंजिन हळू चालवून कान द्यावा. पुष्कळ मॉडेलमध्ये दोन अर्धे ॲक्सल मधल्या प्लास्टिकच्या गिअरमध्ये दाबून बसवलेले असतात. तो गिअर तडकला की चाके बाहेर सरकतात आणि दर फेरीला टक् असा आवाज येतो. अशा वेळी चाके आत दाबून उपयोग होत नाही, ती पुन्हा सरकतात, आणि गोंद लावणे तर निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. गिअरच बदलावा. वजन वाढवण्याचा सल्लाही कोणी देईल, पण त्याने तडकलेल्या गिअरवरचा भार तेवढा वाढेल.

प्रश्नकर्ता
आवाज येतो, पण तो मोटरचा असेल असे वाटत होते. पुढच्या बोगीच्या पहिल्या जोडीचे अंतर १४.९ मिमी भरले, बाकीच्या जोड्या १४.४ च्या आसपास आहेत. भिंगातून पाहिल्यावर गिअरच्या दोन दात्यांमधल्या खाचेत केसाएवढी चीर स्पष्ट दिसली. मधल्या ॲक्सलला वर-खाली हालचाल किती असावी?

उत्तर (नाशिक रोड)
थोडी तरी हवीच, नाहीतर प्लायवूड फुगलेल्या जागी टोकाची चाके अधांतरी राहतील. बोगी काचेवर ठेवून प्रत्येक चाकाखालून कागदाची पट्टी सरकवून पाहावी. जिथे ती सहज सरकेल, ते चाक टेकलेले नाही.