मदत हवी आहे : गाजराला फाटे आणि मुळांवर गाठी

वाफ्यातलं जवळपास प्रत्येक गाजर दोन-तीन फाट्यांचं निघतंय. माती ३० सेंमी खोल खणून खडे चाळून काढलेत, बी थेट जागेवर १ सेंमी खोल पेरलंय, विरळणी करून ५ सेंमी अंतर ठेवलंय. म्हणजे खडे, दाटी, रोप हलवताना मोडलेलं सोटमूळ ही नेहमीची कारणं बाद. शेणखतही पुरतं कुजलेलं होतं.

खरी शंका वेगळीच आहे. बारीक तंतुमुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतात. नखाने ओढल्या तरी सुटून येत नाहीत, मुळाचाच भाग फुगलाय. हे सूत्रकृमीच (मातीतले, मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत) ना? कोवळ्या सोटमुळाचं टोक त्यांनी दुखावलं की फाटे फुटतात, आणि ते नुकसान नंतर भरून येत नाही. मग वाफा भिजवून, कडक उन्हात पारदर्शक प्लॅस्टिकखाली ४ ते ६ आठवडे तापवणं पुरेल का? की सूत्रकृमी कमी व्हावेत म्हणून पूर्ण हंगाम झेंडूच लावावा? ज्यांनी झेंडू लावलाय त्यांनी कृपया किती दाट लावला, किती महिने ठेवला, तेही सांगा. मधेमधे चार रोपं लावून फारसं काही साधत नाही, असं माझं मत.

शेजारी लेट्यूस आहे. त्यालाही या गाठी होतात, म्हणून तिथली माती या वाफ्यात येऊ देत नाही, खुरपंही धुऊनच वापरतो. लेट्यूस २० सेंमी खोल कुंडीत नव्या मातीत हलवलं, तर उन्हाने मुळं तापून लवकर तुरा (फुलाचा दांडा) येईल का? कुंडीला दुपारची सावली किती तास द्यावी?