रक्ताची न वापरलेली पिशवी परत का घेत नाहीत?

त्रस्त_पुणेकर: वडिलांच्या ऑपरेशनला लाल पेशींच्या दोन पिशव्या आणल्या, एकच लागली. दुसरी रात्रभर वॉर्डातल्या फ्रीजमध्ये, सील शाबूत. सकाळी रक्तपेढीत नेली तर म्हणे परत घेता येणार नाही. १५५० रुपये पाण्यात! दूधवालासुद्धा न फोडलेली पिशवी बदलून देतो.

रात्रपाळी: दुधाची उपमा वाचून राहवलं नाही. अकरा वर्षं रक्तपेढीत टेक्निशियन आहे. लाल पेशी २ ते ६ अंशांतच ठेवायच्या. आमच्या फ्रीजला तापमानाची नोंद आणि अलार्म असतो. वॉर्डातल्या फ्रीजमध्ये इन्सुलिन, सिस्टरांचे डबे, आणि दार सतत उघडं-बंद. अर्ध्या तासाहून जास्त बाहेर राहिलेली पिशवी आम्ही घेत नाही, कारण आत जंतू वाढले तरी वरून बऱ्याचदा काही दिसत नाही. एकांनी तर 'गार राहावी' म्हणून बर्फाच्या कप्प्यात ठेवून आणली होती. पेशी गोठून फुटलेल्या, वरचा पिवळसर थर लालभडक. ती चढवली असती तर किडनीवर बेतलं असतं.

खवचट_काका: हे पिशवी हातात देताना कोण सांगतं? आणि दान म्हणून फुकट घ्यायचं, दीड हजाराला विकायचं, वर 'बदली डोनर आणा'!

रात्रपाळी: ते रक्ताचे पैसे नव्हेत. एचआयव्ही, बी आणि सी या दोन्ही काविळी, गुप्तरोग, मलेरिया, एवढ्या तपासण्या होतात. बदली डोनरची सक्ती तर नियमातच नाही.

खवचट_काका: नियमात नाही म्हणे! भावजयीच्या बाळंतपणात रात्री दोनला चार पोरं उभी केली, तेव्हा पिशवी सुटली. नियम तुमच्या भिंतीवर.

शेंगदाणा_चटणी: मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं नाहीत, रक्त आणायचं कुठून? काका, तुम्ही शेवटचं कधी दिलंत?

खवचट_काका: मी इन्सुलिनवर आहे, माझं चालत नाही. वैयक्तिक येऊ नका.

शेंगदाणा_चटणी: मग घरातली पोरं? ती साहेबांच्या वाढदिवसाला जातात ना, जिथे फोटो मिळतो. एकाच दिवशी ढीगभर पिशव्या. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट फक्त पाच, त्याही २० ते २४ अंशांत, सतत हलत्या ठेवून. पुढच्या महिन्यात परत ठणठणाट.

खवचट_काका: माझ्या पोरांवर घसरलात? बाई, तुमचं रक्तच तिखट आहे, कोणाला चढणार नाही.

त्रस्त_पुणेकर: अहो, धागा माझ्या पिशवीचा होता! बरं, ती परत घेतली असती तर दुसऱ्या कोणाच्या बापाला चढली असती. मान्य. पण 'फ्रीजात ठेवा' हे सिस्टरनेच सांगितलं होतं. १५५० तिच्याकडून वसूल करू?

रात्रपाळी: तिलाही कोणी शिकवलं नसेल. पुढच्या वेळी दुसरी पिशवी क्रॉसमॅच करून, म्हणजे पेशंटच्या रक्ताशी जुळते का ते तपासून, आमच्याकडेच राखून ठेवायला सांगा. लागली तरच न्या.

खवचट_काका: आणि रात्री तीनला न्यायला कोण येणार, तुम्ही?