अमरावतीहून येणाऱ्या कुटुंबाने नाशिकमध्ये घर कोठे करावे?

गोदातीर (चर्चाप्रस्ताव) :
माझा मावसभाऊ येत्या मे महिन्यात पत्नी, पाचवीत जाणारी मुलगी आणि ७४ वर्षांचे वडील यांच्यासह अमरावतीहून नाशिकला बिऱ्हाड हलवत आहे. नोकरी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आहे. ‘गंगापूर रोडला विकत घेण्याजोगा फ्लॅट पाहून ठेव’ असा त्याचा निरोप आला तेव्हा मी घाई करू नकोस असे कळवले, आणि त्यावरून आमच्या नातेवाइकांत दोन तट पडले आहेत. माझे मत असे की, पहिले वर्ष त्याने इंदिरानगरात किंवा पाथर्डी फाट्याच्या बाजूला भाड्याने राहावे, आणि कायमचे उपनगर ठरवताना त्या भागाचा नावलौकिक बाजूला ठेवून, घरात ज्याला सर्वांत कमी चालवते त्याचा दिवस तेथे कसा जाईल हे आधी पाहावे.

२०१४ साली आम्ही अकोल्याहून येथे आलो तेव्हा कॉलेज रोडच हवा या हट्टाने एका आतल्या गल्लीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर घर घेतले. माझे कार्यालय दहा मिनिटांवर होते आणि मुलाची शाळा समोरच होती. अकोल्यात रोज सकाळी चौकात जाऊन वर्तमानपत्र घेऊन येणारे माझे वडील मात्र महिन्याभरातच खाली उतरेनासे झाले. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर ते काठी भिंतीला टेकवून थांबत. शेजारच्या काकूंनी त्यांच्यासाठी तेथे एक लाकडी पाट आणून ठेवला होता. तो पाट रोज डोळ्यांसमोर असूनही घर बदलण्याचा निर्णय घ्यायला मी दोन वर्षे लावली, याचे मला आजही वाईट वाटते. आता आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहतो. फाटकापासून भाजीच्या हातगाडीपर्यंत १४० पावले होतात, हे वडिलांनीच मोजून सांगितले.

द्राक्षबाग :
आपल्या वडिलांची हकिकत वाचून गलबलून आले, परंतु तो दोष उपनगराचा नव्हता, नसलेल्या लिफ्टचा होता. त्यावरून वर्षभर भाड्याने राहण्याचा सल्ला कसा निघतो, हे मला समजले नाही. भाड्याच्या वर्षाची किंमत त्या मुलीला मोजावी लागेल. घर बदलले की बहुधा शाळाही बदलते. आम्ही नाशिकला आल्यावर तीन वर्षांत दोन घरे केली आणि मुलीच्या दोन शाळा झाल्या. दुसऱ्या शाळेत दिवाळीपर्यंत ती डबा एकटीच बसून खात होती, हे मला वर्गशिक्षिकांनी सांगितले, तिने कधीच सांगितले नाही.

गंगापूर रोडला शाळा, महाविद्यालये, दवाखाने आणि वाचनालये हाताच्या अंतरावर आहेत. तेथून अंबडला जाण्याचा रोजचा त्रास कमावत्या माणसाने सोसावा. तो सोसण्याच्या वयाचा आहे. शिवाय घर पत्नीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, ती रक्कम लहान नसते. ऐपत असेल तर एकदाच नीट पाहून घ्यावे आणि मुलांना त्या जागी रुजू द्यावे.

पांडवलेणी :
मी पाथर्डी फाट्याला नऊ वर्षे राहतो आणि अंबडलाच कामाला जातो, म्हणून या दोन्ही मतांत राहून गेलेली एक गोष्ट सांगतो. नाशिकमध्ये नकाशावरच्या किलोमीटरवर विसंबू नये. मुंबई-आग्रा महामार्ग शहराच्या मधून गेला आहे, त्यामुळे आपले घर, कारखाना आणि शाळा महामार्गाच्या एकाच बाजूला आहेत की नाहीत, हे अंतरापेक्षा महत्त्वाचे ठरते. महामार्गाखालून जाणाऱ्या इंदिरानगरच्या बोगद्यापाशी किंवा द्वारका चौकात सकाळी नऊला अडकलेल्या माणसाला दोन किलोमीटर म्हणजे काय ते कळते. इंदिरानगर सुचवणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. शहराला गंगापूर, दारणा आणि मुकणे या धरणांचे पाणी मिळते. परंतु जलवाहिनी भागापर्यंत आलेली असणे वेगळे आणि सकाळी नळाला धार असणे वेगळे. नव्या सोसायटीत घर पाहायला गेलात तर नमुना फ्लॅटआधी वॉचमनच्या खोलीत जा आणि टँकरची वही मागा. आमच्याकडे ती खिळ्याला दोरीने टांगलेली असते, तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक लिहून. एप्रिल-मेची पाने उलटली की दलालाने न सांगितलेले सगळे समजते. आम्ही घर घेतले तेव्हा विकासकाने भोगवटा दाखला (इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) ‘महिन्याभरात येईल’ असे सांगून चाव्या दिल्या होत्या. तो दाखला हातात पडायला तीन वर्षे लागली आणि त्याअभावी नळजोडणी न मिळाल्याने तोवरचे पाणी आम्ही विकत घेतले. वर्षभर भाड्याने राहण्याच्या बाजूने माझा कौल आहे तो एवढ्यासाठीच.

सिन्नरफाटा :
नाशिकरोडचे नाव अजून कोणीच घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. १९८२ साली महानगरपालिका झाली त्याआधी आमची नगरपालिका वेगळी होती, त्यामुळे बाजारपेठ, शाळा, रुग्णालय हे सारे येथे स्वतंत्रपणे वाढले आणि रोजच्या कामासाठी नाशकात जावे लागत नाही. परंतु माझा मुख्य मुद्दा स्टेशनचा आहे. हे कुटुंब अमरावतीचे आहे. तेथे लग्नकार्ये, आजारपणे, शेतीचे व्यवहार राहतीलच. अमरावती-मुंबई एक्सप्रेस नाशिकरोडला थांबते, तीही मध्यरात्रीनंतर. त्या वेळी ७४ वर्षांच्या माणसाने गाडीतून उतरून गंगापूर रोडपर्यंत रिक्षाने जायचे की पाच मिनिटांत घरी पोहोचून पाठ टेकायची? अंबडला जायला वडनेरमार्गे पाथर्डी फाट्यावर निघता येते, द्वारका लागतच नाही.

पांडवलेणी :
तो रस्ता मला ठाऊक आहे. दोन्ही बाजूंना मळे आणि ऊस आहे आणि बिबट्याचा वावर आहे. दुसऱ्या पाळीहून रात्री दुचाकीवर परतणाऱ्याला मी तो सुचवणार नाही.

गोदातीर :
द्राक्षबाग यांचा शाळेचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. आधी शाळा नक्की करावी आणि भाड्याचे घर तिच्या आसपास घ्यावे, म्हणजे पुढे घर बदलले तरी शाळा बदलणार नाही. स्टेशनचा विचार माझ्या मनात आला नव्हता, तोही भावाला कळवतो.

घाईने विकत घेण्याला मात्र माझा विरोध कायम आहे. गंगापूर रोडच्या नदीकडील बाजूला आणि पंचवटीत उन्हाळ्यात घर पाहणाऱ्याला गोदावरी शांत आणि देखणी दिसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये धरणातून विसर्ग वाढला तेव्हा दुतोंड्या मारुती (नदीपात्रातली मूर्ती, जिच्यावरून नाशिककर पुराची पातळी मोजतात) कुठवर बुडाला हे विचारत सारे शहर काठावर उभे होते. पूररेषा निळी म्हणजे पंचवीस वर्षांतील आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतील पुराची. आपली इमारत त्या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे हे नगररचना विभागाच्या नकाशावर पाहता येते, पण बाहेरगावाहून दोन दिवसांसाठी येऊन घर घेणारा तो नकाशा मागत नाही. पंचवटी-तपोवनाच्या बाजूने तर २०२७ च्या सिंहस्थापर्यंत रस्त्यांची कामे आणि पुढे पर्वणीच्या दिवशी वाहतुकीचे निर्बंध असतील, त्यामुळे तो भाग सध्या तरी मी यादीतून काढला आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काकांना, म्हणजे भावाच्या वडिलांना, चार दिवसांसाठी माझ्याकडे बोलावले आहे. इंदिरानगर, पाथर्डी फाटा आणि नाशिकरोड या तिन्ही ठिकाणी त्यांना सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला पायी फिरवणार आहे.

द्राक्षबाग :
मुलीलाही बोलवा. शाळा सुटण्याच्या वेळी तिला फाटकापाशी अर्धा तास उभे राहू द्या, आणि घर कोठे करायचे हे तिला विचारल्याशिवाय ठरवू नका.