सामाजिक भांडवलावर पोस्टडॉक : नागपूर सोडून जायचं का?

महालकरीण
भाचीची समाजशास्त्रातली पीएचडी झाली, विषय बायांच्या भिशी आणि बचत गटांतलं सामाजिक भांडवल, म्हणजे ओळखी आणि एकमेकींवरचा विश्वास यांतून मिळणारं बळ. आता ती पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनासाठी, अर्ज करते आहे आणि घरात दोन तट पडलेत. माझं मत : तिनं बाहेर जावं. युरोपातली मारी क्युरी फेलोशिप कुठल्याही देशाच्या माणसाला खुली आहे. आधी तिथला मार्गदर्शक शोधायचा, मग त्याच्या संस्थेसोबत मिळून अर्ज करायचा. अमेरिकेसाठीची फुलब्राइट-नेहरू फेलोशिप ८ ते २४ महिन्यांची. ‘पोरगी गेली की परत येत नाही’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की फुलब्राइटवर गेलेल्याला तिथं कायमचं राहायचा व्हिसा मागण्याआधी २ वर्षं मायदेशी काढावी लागतात.

आणि बाहेर बसून ती अभ्यास करणार तो इथल्याच बायांचा. २३ सप्टेंबर २०२३ची पहाट आठवा. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. आमच्या नात्यातल्या एका गल्लीत पथक पोचायच्या आधी भिशीच्या ग्रुपवर विचारणा सुरू झाली होती : कुणाकडे वरचा मजला आहे, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली आहे. ही माहिती कुठल्या कार्यालयात नव्हती. पैशापायी दर महिन्याला जमणाऱ्या बायांकडे होती. याचा नीट अभ्यास व्हायला नको?

तासिकेवरचा
मला हे पटत नाही. सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतो आहे, म्हणून बोलतो. पोस्टडॉक म्हणजे नोकरी दोन वर्षं लांबणीवर टाकणं. एका मुलाखतीत माझ्या संशोधनावर एक प्रश्न आला नाही, फक्त किती वर्षं शिकवलं ते विचारलं. ताईंनी भाचीला आधी जागा धरायला सांगावं. वय वाढत जातं, घरचे थांबत नाहीत.

धरमपेठ_९
सर, एक दुरुस्ती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकासाठी उमेदवार छाननीच्या तक्त्यात ‘अध्यापन किंवा पोस्टडॉक अनुभव’ एकाच रकान्यात आहे. वर्षाला २ गुण, जास्तीत जास्त १०. म्हणजे कागदावर तरी पोस्टडॉकची दोन वर्षं वाया जात नाहीत.

तासिकेवरचा
ते गुण मुलाखतीला बोलावण्यापुरते. त्या नियमांप्रमाणे निवड मुलाखतीतच होते, आणि जागा निघाली तर मुलाखत. जाहिरातीची वाट बघण्यात माझ्या बरोबरीचे किती जण संशोधन सोडून गेले ते मी बघितलंय.

इंदोऱ्याहून
माझा आक्षेप वेगळा आहे. काहून प्रत्येक वेळी फूटपट्टी तिकडून आणायची? अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी इटलीत १९७०मध्ये आलेल्या प्रादेशिक सरकारांचा दोन दशकं अभ्यास केला आणि मांडलं की जिथं गायनमंडळं, फुटबॉल क्लब भरपूर, तिथं कारभार चांगला. आता ही फूटपट्टी नागपूरला लावून बघा. भिशी कुणाकुणाची असते? बहुतेक वेळा एकाच जातीच्या, एकाच सोसायटीतल्या बायांची. खोली भाड्यानं बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात. एकमेकांवरचा विश्वास, ओळखीपाळखी सगळं तिथं आहे, आणि त्याच जोरावर माझ्यासारख्याला खोली नाकारली जाते. बाबासाहेबांनी मे १९१६मध्ये, कोलंबियात शिकत असताना, जात म्हणजे बंदिस्त वर्ग असं मांडलं. सामाजिक भांडवल हा शब्द तेव्हा फारसं कुणी वापरत नव्हतं, पण भारतात हा विषय त्या वाक्यापासून सुरू व्हायला हवा.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. रस्त्यारस्त्यावर भोजनदान चालतं. वर्गणी कोण गोळा करतं, परगावच्या अनोळखी माणसाला जेवायला बसवताना कोण काय विचारतं आणि काय विचारत नाही, हे बघायला इथं राहावं लागतं. त्यासाठी आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची) दोन वर्षांची पोस्टडॉक आहे. तेवढी पुरे.

धरमपेठ_९
जातीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण बाहेर गेल्यानं नजर परकी होते हे मान्य नाही. बाबासाहेबांचा तो निबंध न्यूयॉर्कमध्येच वाचला गेला ना? राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय अमेरिकेत शिकवतात आणि त्यांनी अलीगढ-कालिकतसारख्या, एक दंगलींचं आणि एक शांत अशा, भारतातल्या शहरांच्या तीन जोड्या तपासल्या. मोठ्या शहरात शेजाऱ्यांचं नुसतं येणं-जाणं दंगल थांबवायला पुरत नाही. व्यापारी संघ, कामगार संघटना अशा ठिकाणी हिंदू-मुस्लिम एकत्र असले की शांतता टिकते, असं त्यांनी दाखवलं. भिशीला हाच प्रश्न विचारा : वेगळ्या वस्तीतली बाई तिच्यात आहे का?

इंदोऱ्याहून
तो प्रश्न बरोबर आहे. मग एक अट घाला. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा घ्या. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं गाव. २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. तिथं अभ्यासगटात बाहेरचा जाणकार आणि गावकरी सोबत बसतात, निर्णय सर्वसहमतीनं होतात. भाचीनं कुठंही जावं, पण लिहिलेलं मराठीत करून त्या बायांसमोर वाचावं आणि त्यांना ‘हे चूक आहे’ म्हणू द्यावं. आमच्या वस्तीत येऊन कितीतरी जण फॉर्म भरून घेऊन गेले. पुढं काय झालं ते कुणी सांगायला आलं नाही.

महालकरीण
भाचीला सगळं वाचून दाखवलं. आडनावाचा भाग ऐकून ती गप्प झाली. म्हणाली, माझ्या प्रश्नावलीत भिशीत कोण आहे ते विचारलंय, कुणाला घेतलं नाही ते विचारायचं सुचलंच नाही. प्रस्तावाचं ते पान ती नव्यानं लिहिते आहे, आणि वाचनाची अटही त्यात घालणार आहे. अर्ज मात्र बाहेरचाच करणार. मी तिच्या बाजूनं आहे.

तासिकेवरचा
मग शिकवल्याचं अनुभव प्रमाणपत्र आत्ताच हातात घ्यायला सांगा. प्राचार्य बदलले की त्या एका कागदासाठी वर्षभर फेऱ्या माराव्या लागतात.