मदत हवी आहे : परसातल्या नव्या तळ्यातले कोई (शोभेचे रंगीत मासे) एकेक करून गायब होतायत

नमस्कार मंडळी,

डोंबिवली सोडून गुहागरजवळच्या घरी राहायला आलो त्याला दोन वर्षं झाली. मार्चमध्ये विहीर आणि पोफळींच्या मधल्या जागेत चिऱ्यांचं तळं बांधून घेतलं. दहा बाय सहा फूट, खोली अडीच फूट, आतून सिमेंटचा गिलावा. पाणी चार हजार लिटरच्या आसपास. एका कडेला कमळाची कुंडी ठेवायला पायरी काढलीय, तिच्यावर जेमतेम वीतभर पाणी असतं. आई पहिल्या दिवसापासून म्हणतेय, "खायचे नाहीत ते मासे पाळायचे कशाला?" आता कुणीतरी खातंयच, त्यामुळे घरात माझी बाजू लंगडी पडलीय.

सिमेंटचा चुना उतरावा म्हणून चारदा पाणी भरून सोडलं, केळीचे खांब चिरून आठवडाभर टाकून ठेवले. एप्रिलअखेर मुंबईहून आठ कोई आणले. चार वीतभर, चार बोटाएवढे. पंधरा दिवस सगळं छान. गेल्या दहा दिवसांत तीन नाहीसे झाले. मेलेला मासा नाही, वास नाही. काठावरच्या चिऱ्याला एक नारिंगी खवला चिकटलेला मिळाला, तांदळाच्या दाण्याहून लहान, तेवढाच पुरावा.

संशयित बरेच आहेत. कपडे वाळत घालायच्या तारेवर खंड्या बसतो. विहिरीच्या कडेला दिवड (पाणसाप) दिसते. रात्री डोक्यावरून काहीतरी 'वाक्' करून जातं. शेजारचे अण्णा म्हणतात ऊद (पाणमांजर) येत असणार, खाडी लांब नाही.

दुसरं म्हणजे, दोनदा सकाळी सहाला उरलेले मासे पृष्ठभागावर तोंडं काढून हवा घेताना दिसले. दहा वाजेपर्यंत पुन्हा ठणठणीत.

मृग दोन आठवड्यांवर आलाय. छपराच्या पागोळ्या थेट तळ्यात पडतात. आमच्याकडे मासेमारीचं जुनं नायलॉनचं जाळं पडून आहे, ते वरून ताणून बांधू का? की दुसरं काही?

*

सुपारीबाग : आधी सांगा, गेलेले तीन लहान की मोठे? पाण्याचा पीएच (आम्लता) मोजलात का? आणि हवेचा पंप रात्री चालू असतो ना?

*

धागाकर्ता : तिन्ही लहान. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! पीएच ८.६. पंप चोवीस तास चालू.

*

सुपारीबाग : मग उदाला सोडून द्या. ऊद मोठा मासा आधी उचलतो आणि काठावर डोकं, काटे, घाण टाकून जातो. तुमचा चोर गिळणारा आहे, आणि घशात मावेल तेवढंच नेतोय. खंड्या, वंचक बगळा किंवा रातबगळा. ते 'वाक्' रातबगळ्याचंच. वंचकाची पाठ विणीच्या दिवसांत तांबूस होते, जांभ्याच्या काठावर बसला तर हातभरावरून दिसत नाही. उडाला की पांढरे पंख दिसतात आणि मग आपण कपाळावर हात मारतो. बगळे पोहत शिकार करत नाहीत, उथळ पाण्यात उभे राहतात. ती पायरी म्हणजे तुम्ही त्यांना घातलेला पाट आहे. कुंडी विटांवर मध्यभागी न्या, पायरी चिरे रचून बंद करा. तळाला आठ इंची पाइपाचे दोन तुकडे आडवे टाका, माशांना लपायला.

अडीच फूट खोली मुळात कमीच. कोई दोन फुटांपर्यंत वाढतो. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चार फुटांचा विचार करा, आणि नवे मासे तूर्त आणू नका.

*

ओहोळकाठ : ते जाळं अजिबात बांधू नका. मी हीच चूक केली होती. सकाळी पाहिलं तर दिवड मानेपासून अडकलेली, बारीक दोरा कातडीत रुतलेला. सर्पमित्राला बोलावलं, त्याने नखं कापायच्या कात्रीने एकेक धागा कापून सोडवली. दिवड बिनविषारी पण चावरी, स्वतः हात घालू नका. शिवाय सापांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. बांबूच्या चौकटीवर कडक प्लॅस्टिकची जाळी ठोका आणि ती पाण्यापासून फूटभर वर ठेवा. चिऱ्यांच्या सांध्यांतली भोकंही बुजवा, दिवड तिथेच राहते.

पहाटे तोंड काढणं हे प्राणवायूचं. शेवाळ आणि वनस्पती रात्री प्राणवायू घेतात, त्यामुळे पहाटे तो सगळ्यांत कमी असतो, आणि गरम पाण्यात मुळात कमी मावतो. त्यात नव्या तळ्यातले जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर अमोनिया साचतो, आणि ८.६ पीएचला तो जास्त जहरी. खाणं निम्मं करा, आठवड्याला पाव पाणी बदला. विहिरीचं असेल तर उंचावरून धार पाडत सोडा. नळाचं असेल तर आधी क्लोरिन काढा. पण पंप चोवीस तास असूनही तोंड काढतायत हे मला पटत नाही. नक्की चालू असतो?

पावसाचं उलट आहे. पावसाच्या पाण्यात पीएच धरून ठेवणारे क्षार नसतात, दोन दिवसांत पीएच धाडकन खाली येतो. पागोळ्या पन्हळ लावून वळवा. जादा पाणी जायच्या नळीला जाळी लावा, नाहीतर मासे वहाळात. आणि फिल्टरमध्ये कालवांची शिंपलं धुऊन, वाळवून पिशवीत भरून ठेवा, हळूहळू विरघळतात आणि पीएच घसरू देत नाहीत.

*

धागाकर्ता : पायरी काल बंद केली. परवा पहाटे चारला टॉर्च घेऊन उठलो. रातबगळा काही दिसला नाही, पण पंप बंद होता. आई. रोज दहाला बटण बंद करते आणि पाचला देवपूजेला उठली की चालू करते, "रात्रभर घुरघुर, वर बिल." आता पंपाखाली जुनी गोधडी घडी करून ठेवलीय, आवाज बराच कमी झालाय. बटणावर चिकटपट्टीही लावलीय.

कालवांचं विचारलं तर आई म्हणाली, शिंपलं मिळतील, पण कालवं खायला तू बसायचं. सुक्कं की रस्सा, एवढंच ठरायचं बाकी आहे. चौकटीसाठी जाळी किती मिलिमीटरची घेऊ?