नाशिकने वाईनसाठी कॅबर्ने या काळ्या द्राक्षाचा हट्ट सोडून शेनिन ब्लांक ही पांढरी जात धरावी, पटतंय का?

गंगापूर_रोड:
मी नाशिकचाच, पंधरा वर्षं इथल्या वायनऱ्या बघतोय, आता ठाम मत झालंय म्हणून लिहितो. आपली खरी वाईन शेनिन ब्लांकच. कारण साधं आहे. युरोपात थंडीत पानं गळतात, वेल झोपतो, आपल्याकडे तो झोपतच नाही. एप्रिलला खरड छाटणी (फांद्या वाढायला) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी (फळ धरायला) करून आपण त्याला वळण लावतो आणि माल निघतो जानेवारी ते मार्च. म्हणजे तिकडे मणी पिकताना हवा गार होत जाते, आपल्याकडे ऊन चढत जातं. शेनिनचा आंबटपणा त्या उन्हातही टिकतो, म्हणून तिची ड्राय (गोड नसलेली) पण जमते, किंचित गोड पण जमते, उशिरा तोडून डेझर्ट वाईन होते आणि स्पार्कलिंगचा, म्हणजे फसफसणाऱ्या वाईनचा, बेस पण तीच. कॅबर्नेचं तसं नाही, साखर भराभर चढते पण साल आणि बी कच्चीच, मग ग्लासात सिमला मिरचीचा वास येतो आणि वरून ओकच्या पिंपाचा मारा. हे कशासाठी?

शिराजवाला:
अजिबात पटलं नाही. शेनिन काय आपल्या आजोबांनी लावलेली का, ती पण फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलीच ना. दिंडोरीची शिराज, या काळ्या द्राक्षाची रेड वाईन, नीट प्यायली आहे का कधी? काळी मिरी, जांभळासारखा रंग, आपल्या मटणाच्या रश्श्यापुढे तुमची शेनिन उभी तरी राहते का. आणि अकलूजला बघा, नाशिकपेक्षा जास्त ऊन, तरी तिथे इटलीची सांजोवेझे लावून चांगली रेड काढतात. इथे सुला वायनरीच्या राजीव सामंतांनी शेनिन आणि सोव्हिन्यों ब्लांक लावली 1997च्या सुमारास, पहिली बाटली आली 2000 साली. एवढ्यात कॅबर्नेचा निकाल लावून मोकळं व्हायचं? कुठला उतार, कुठली माती, कुठला खुंट (ज्यावर कलम करतात ते मूळ), हे बघायलाच दोन पिढ्या जातात.

गंगापूर_रोड:
शिराज सोडा असं मी म्हटलेलंच नाही, परत वाचा. शिराज कॅबर्नेच्या आधी पिकते, कडक ऊन लागायच्या आत घरात येते, म्हणून ती जमते. माझा राग फक्त कॅबर्नेवर आहे. आणि शेनिन फ्रान्सची हे मान्य, पण दक्षिण आफ्रिकेने तीच जात घेतली, स्टीन नाव दिलं आणि आपली करून टाकली की. आपल्याला कोणी अडवलंय?

जुन्नरी:
तुम्ही दोघं 1997पासूनच मोजताय म्हणून मधे बोलतो. 1980च्या दशकात शामराव चौगुल्यांनी आमच्या नारायणगावला फ्रेंच मदत घेऊन स्पार्कलिंग वाईन काढली आणि ती परदेशात विकली, तेव्हा नाशिकचं नाव खायच्या द्राक्षांसाठीच घेतलं जायचं. आणि त्याच्याही फार मागे, चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादला आला तेव्हा त्याने लिहून ठेवलंय की इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात. म्हणजे वेल झोपत नाही हे सहाशे वर्षांपूर्वी परक्या माणसाच्याही लक्षात आलेलं. मला हे वाचून फार भारी वाटलं होतं. बाकी जातीच्या वादात मी गंगापूरवाल्यांच्या बाजूने, स्पार्कलिंग हीच दख्खनची ताकद. फ्रेंच स्पार्कलिंगचे शांदाँवाले 2013 साली दिंडोरीत आले ते उगाच नाही.

साधा_नाशिककर:
कुठली जात लावायची ते ठरवा, पण हे सगळं शेतकऱ्याच्या नावाने चाललंय त्याला माझा विरोध आहे. 2001च्या धोरणात वाईनला अबकारी करात सूट दिली, विंचूरला वाईन पार्क काढलं, 2022ला तर सुपरमार्केटात विकायचा निर्णय झाला तो पण शेतकऱ्याच्या भल्याचा म्हणूनच. लोकांनी विरोध केला म्हणून थांबला. माझ्या सख्ख्या भावाचा संसार दारूने गेलाय, वाईन म्हणजे दारू नाही हे मला कोणी शिकवू नये.

निफाडचा_बागाईतदार:
भाऊ, तुमचं दुःख समजतं, त्यावर वाद घालणार नाही. पण शेतकऱ्याचं नाव निघालंय तर शेतकऱ्याचं ऐका. 2006ला मी थॉमसनची, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाची, दोन एकर बाग काढून वाईनची लावली, एका वायनरीशी करार होता. मग मंदी आली, मुंबईचा हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, टँक भरलेले, आणि 2009च्या हंगामात त्यांनी माल उचललाच नाही. वाईनचा मणी बारका आणि बियांचा, बाजारात नेला तर कोण खातो? शेवटी बाग उपटली, परत थॉमसन. आमच्या भागात असे बरेच जण. तेव्हा शेनिन का कॅबर्ने हे तुम्ही ग्लास हातात घेऊन बोलताय, आम्हाला मांडव, ठिबक, डावणी-भुरी रोगांच्या फवारण्या सगळं आधी घालावं लागतं आणि अवकाळी, गारपीट आली तर तीही आमच्याच अंगावर. शेनिनला उतारा बरा बसतो आणि कॅबर्नेइतकी वाट बघावी लागत नाही, तेवढ्यापुरतं गंगापूरवाल्यांचं खरं आहे.

शिराजवाला:
दादा, हे माहीत नव्हतं. पण मग जात बदलून तरी काय होणार, माल उचललाच नाही तर शेनिन पण बांधावरच सडणार की.

निफाडचा_बागाईतदार:
तेच तर म्हणतोय. बाग पंधरा वर्षं उभी राहते आणि करार असतो दोन-तीन वर्षांचा. दहा वर्षांचा करार लिहून द्या, त्यात माल नाही उचलला तर किती पैसे मिळणार ते पण लिहा, मी येत्या हंगामात एक एकर शेनिन लावतो.

गंगापूर_रोड:
आणि भाव? ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापावर, ठरवायचा की सरसकट किलोवर?

निफाडचा_बागाईतदार:
ब्रिक्सवर चालेल, पण मोजताना मी समोर पाहिजे.