मेंदूने चालणाऱ्या सिनेमात संगीताने कोणाचं ऐकायचं?

वडसेकर
मेंदूच्या लहरी टिपणारा हेडसेट डोक्याला लावून सिनेमा पाहायचा आणि पाहणाऱ्याचं लक्ष चढेल-उतरेल तसं दृश्य बदलायचं, असे सिनेमे आता होताहेत. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या रिचर्ड रॅमचर्न यांनी २०१८ मध्ये असा २७ मिनिटांचा सिनेमा केला. तो कॅराव्हॅनमध्ये बसून पाहायचा, आणि त्यात दृश्यांबरोबर संगीतही बदलतं. आमच्या ओळखीतली पोरं झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, एका गोष्टीवर तसं काही करू पाहताहेत. संगीत माझ्याकडे आहे.

माझं मत सरळ आहे. मेंदूने दृश्य निवडावं, संगीताने दृश्यांमधले सांधे झाकावेत. स्वस्त हेडसेट लक्षाचा शून्य ते शंभर असा आकडा सेकंदाला एकदा देतो. प्रत्येक आकड्यावर सूर हलवला तर गाणं नाही, थर्मामीटर ऐकू येईल. त्यापेक्षा एकाच पट्टीत, एकाच लयीत थर वेगवेगळे रेकॉर्ड करायचे: खाली ऑर्गनचा धरलेला सूर, वर ढोलक, त्यावर बासरी. ताल केरवा, आठ मात्रांचा. मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर आवर्तन ४ सेकंदांचं. थर बदलायचा तो समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. दृश्य मधेच तुटलं तर छोटी तिहाई (एकच बोल तीनदा) घेऊन समेवर यायचं.

चिमूरचा मिक्सर
भाऊ, हे तर जुनंच झालं. संगणकावरच्या खेळांसाठी लुकासआर्ट्सने आयम्यूज नावाची यंत्रणा १९९१ मध्येच वापरली. खेळाडू कुठेही वळला तरी संगीत सुरेल वळण घ्यायचं. मग मेंदू कशाला? बटण द्या हातात.

१९६५ मध्ये संगीतकार अल्विन लूसिअर यांनी स्वतःच्या मेंदूतल्या अल्फा लहरी स्पीकरमधून सोडून त्या थरथरीने तालवाद्यं वाजवली होती. थेट. हिंमत असेल तर तसं करा. सांधे झाकायचेच असतील तर प्रेक्षकाला कळणार कसं की हे त्याच्या डोक्यातून आलंय?

ऑर्गनवाला
मी काही कंप्युटरवाला नाही जी. पन नाटकात आमी स्टेजसमोर खाली बसतो, एक डोरा नटावर अन् एक कान पब्लिककडे. शिट्या आल्या तं लावनी लांबवतो. बाया पदर डोऱ्याला लावून बसल्या तं ढोलक बंद, नुसता सूर धरून ठेवतो.

आता सांगा, जो मानूस रडून रायला तो टाळी देते का? हलते का? तो आतमधी गेलेला असते. तुमची मशीन म्हनन, याचं लक्ष गेलं, सीन बदला. बरोब्बर त्याच जागी गाना कापला जाईन!

ईईजी ताई, चंद्रपूर
ऑर्गनवाल्या भाऊंनी नेमकं बोट ठेवलं. डोळे मिटले की अल्फा लहरी (साधारण ८ ते १३ हर्ट्झ) वाढतात. माणूस कंटाळून डोळे मिटतो, तसाच गाण्यात हरवूनही मिटतो. कपाळावरच्या एका कोरड्या इलेक्ट्रोडला यातला फरक कसा कळणार?

आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) विसरू नका. ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढताना आम्ही जबडा सैल सोडायला सांगतो, कारण चावण्याच्या स्नायूंचे संदेश मेंदूच्या संदेशांपेक्षा कितीतरी मोठे असतात. पापणी लवली तरी आलेखात उसळी. त्यात आपल्याकडचा घाम. गालात खर्रा धरलेला प्रेक्षक बसला तर तुमचा ढोलक तोच वाजवणार, मेंदू नाही. 😄

निदान सुरुवातीची दोन-तीन मिनिटं काही न बदलता प्रत्येकाची स्वतःची सरासरी घ्या आणि पुढे तिच्याशीच तुलना करा. एकाचा चाळीस म्हणजे दुसऱ्याचा सत्तर असू शकतो.

वडसेकर
ताई, सरासरीचं पटलं. मिक्सरभाऊ, थेट वाजवण्यात एक भानगड आहे. लक्ष वाढलं म्हणून ढोलक आला, ढोलक आला म्हणून लक्ष आणखी वाढलं, मग बासरीही आली. संगीत स्वतःचीच शेपूट पकडतं. म्हणून मी दोन आवर्तनांची सरासरी घेऊन मगच थर हलवणार. आणि ऑर्गनवाले भाऊ म्हणतात तशा रडण्याच्या जागा मी आधीच कुलूपबंद करतो. तिथे आकडा काहीही म्हणो, नुसता धरलेला सूर.

चिमूरचा मिक्सर
म्हणजे रडायचं कुठे हे तुम्हीच ठरवलं! राहिलं काय मग मेंदूचं?

ऑर्गनवाला
ते तं नाटक लिवनारा बी ठरवते ना बाप्पा. किती वेळ रडायचं ते पब्लिक ठरवते. तेवढी ढील ठेवा.

चिमूरचा मिक्सर
ठीक. मग परीक्षा घ्या. अर्ध्या लोकांना त्यांच्या स्वतःच्या डोक्यावरचं संगीत ऐकवा, उरलेल्यांना आधीच्या प्रेक्षकाचा साठवलेला आकडा लावा. कोणाला काय मिळतंय ते कोणालाच सांगू नका. नंतर विचारा, संगीत तुमचं होतं का. दोघांची उत्तरं सारखीच आली तर हेडसेटचे पैसे ऑर्गनवाल्या भाऊंना द्यायचे.

वडसेकर
मंजूर. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, आधी करू. खर्रा बाहेर ठेवून आत यायचं, एवढी पाटी दारावर ताईंनी लिहावी.